चेनच्या गाडीवरल्या खुणा

हर्णैच्या बंदरात मी होड्यांवर नावं रंगवते. शाळेत चित्रकला शिकवते ती नोकरी आणि सुट्टीत होड्या रंगवते तो छंद, असं मी लोकांना सांगते; घरचे नेमकं उलटं सांगतात. एका मे महिन्यात मी अशीच एका होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, अक्षरं काढत होते, तेव्हा शिरूर तालुक्यातले एक शेतकरी आपल्या कुटुंबाला समुद्र दाखवायला आले होते. बाकीची मंडळी पाण्यात शिरली आणि हे गृहस्थ माझ्या मागे उभे राहून ब्रशकडे बघत राहिले. त्यांचं नाव संपतराव. निघताना म्हणाले, आमच्याकडेही एक लोखंडी होडी आहे, पण जमिनीवर चालते. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी गाडी. तिची दुरुस्ती चाललीय, झाली की तिच्यावरच्या पलटणीच्या खुणा रंगवायला तुम्हीच यायचं. मी हो म्हटलं. पाहुण्यांना आपण जसं हो म्हणतो, तसं.

नव्याण्णव सालच्या डिसेंबरात त्यांचा शाळेत फोन आला. गाडी तयार होती, नाताळची सुट्टी तोंडावर होती आणि माझ्याकडे नाही म्हणायला एकही कारण नव्हतं. ब्रशांची गुंडाळी, दोन स्वेटर आणि शालनवहिनींसाठी, म्हणजे संपतरावांच्या पत्नीसाठी, कोकमाची पिशवी घेऊन मी घाट चढले.

दौंड

दौंडला मी पुण्याहून पॅसेंजरने उतरले. स्टेशन गावाच्या मानाने केवढं तरी मोठं, आणि चारी दिशांना रूळच रूळ. आमच्याकडे समुद्राच्या वासावरून कळतं की गाव आलं. इथे डिझेलच्या वासावरून कळलं. संपतराव जीप घेऊन आले होते. पांढरा लेंगा-सदरा, डोक्यावर टोपी, आणि चेहऱ्यावर लग्नघरातल्या बापाची लगबग. चहासुद्धा न पाजता त्यांनी मला थेट डॅनियलमामांच्या शेडवर नेलं.

डॅनियलमामा रेल्वेच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले फिटर. घर बैठं, दारात कागदी चांदणी टांगलेली, आतून मामींच्या नाताळच्या गोड कुलकुल तळण्याचा वास, आणि घरामागे पत्र्याची मोठी शेड. शेडमध्ये ती उभी होती.

मी रणगाड्याची कल्पना करून गेले होते. हा रणगाडा नव्हता. वर छप्पर नाही, तोफ नाही. माणसाच्या छातीइतक्या उंचीची उघडी पोलादी पेटी, पुढून तिरपी कापलेली, आणि दोन्ही बाजूंना चाकांवरून फिरणारी लोखंडी कड्यांची चेन. पुढे शेजारी-शेजारी दोन जागा, उजवीकडे चालवणाऱ्याची आणि डावीकडे बंदूक धरणाऱ्याची. मागे इंजिन, आणि त्याच्या दोन्ही अंगांना माणसं नाहीतर सामान ठेवायला जागा. फौजेत हिला कॅरियर म्हणत. गावात सगळे हिला चेनची गाडी म्हणतात, आणि मलाही तेच नाव आवडलं.

तिची हकिकत संपतरावांनी सांगितली. लढाई संपल्यावर लष्कराने जादा सामान विकायला काढलं, तेव्हा त्यांच्या वडिलांनी ही पुण्याहून आणली. ट्रॅक्टर तेव्हा पंचक्रोशीत कुणाकडे नव्हता. वडिलांनी पुढे लोखंडी पातं वेल्डिंग करून घेतलं आणि घोड नदीकाठची आपली उंचसखल जमीन हिच्याकडून सपाट करून घेतली. मग गावातल्या इतरांचीही. पेट्रोल फार पिते म्हणून पुढे इंजिन काढून नदीवर पाणी उपसायला बसवलं, आणि उरलेल्या पेटीत कोंबड्या राहू लागल्या. वडील गेल्यावर संपतरावांच्या मनाने घेतलं की ही पुन्हा चालली पाहिजे. मामांची आणि त्यांची गाठ कुठल्याशा पंपाच्या दुरुस्तीत पडली होती. मामांनी कोंबड्या हाकलल्या, नदीवरचं इंजिन परत आणलं, चेनच्या मोडक्या कड्यांच्या पिना लेथवर नव्या काढल्या, आणि दोन वर्षं त्यात घालवली. मामी म्हणाल्या, या दोन वर्षांत त्यांनी नवऱ्याचे पायच तेवढे पाहिले, बाकीचा माणूस गाडीखाली.

माझ्या कामाचा भाग मात्र मामांनी फडक्याखाली झाकून ठेवला होता. गाडीवर रंगाचे थर होते. सगळ्यात वर संपतरावांच्या वडिलांचा हिरवा, खाली मातकट खाकी. मामांनी बारीक पॉलिश पेपरने आणि रॉकेलच्या बोळ्याने वरचे थर हळूहळू घासत खालच्या खुणा उघड्या केल्या होत्या. फडकं काढलं तेव्हा पुढच्या उजव्या बाजूला पिवळी चकती दिसली, आत काळा पाचाचा आकडा. असा आकडा पुलावरही लिहिलेला असायचा, म्हणजे गाडी त्या पुलाला झेपेल की नाही ते चालकाला तिथल्या तिथे कळे. बाजूच्या पत्र्यावर पांढऱ्या चांदणीची दोन टोकं शिल्लक होती. डाव्या बाजूला एका रंगीत चौकोनाचा खालचा अर्धा भाग आणि त्यात पांढऱ्या आकड्याचे पाय. वरचा अर्धा भाग पातं वेल्डिंग करताना जळून गेला होता. तो आकडा कुठला, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. त्याच्या शेजारी, जिथे डिव्हिजनचं चिन्ह असतं, तिथे नुसता उघडा पत्रा.

मी त्या अर्ध्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले. पाय कुणाचे, तीनचे की आठचे? ज्याने ते काढले त्याचा हात चांगला होता. स्टेन्सिलने नाही, ब्रशने काढलेले होते, आणि वळणावर ब्रश उचलला होता तिथे रंगाची जराशी जाड कड राहिली होती. मीही तिथेच उचलते.

संपतरावांचा बेत ठरलेला होता. येत्या रविवारी त्यांच्या गावच्या शाळेच्या मैदानावर गाडी चालणार होती, आणि आसपासच्या गावांतल्या जुन्या फौजींचा सत्कार होणार होता. त्यात मुख्य मान हरिबा आबांचा. आबा इनामगावचे, लढाईत इटलीला असंच कॅरियर चालवत होते. संपतरावांनी आबांच्या डिव्हिजनचं चिन्ह एका जुन्या फोटोवरून शोधून काढलं होतं: लाल जमिनीवर पिवळ्या पानांचं. तेच मी उघड्या पत्र्यावर काढायचं होतं, आणि चौकोनात आबांच्या पलटणीचा आकडा. आबांची गाडी गावात परत आली, असं त्यांनी सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

मामा हातातला पाना पुसत ऐकत होते. त्यांचं मराठी रेल्वे कॉलनीतलं, अर्ध्या वाटेवर हिंदीत शिरणारं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, जे सापडलं ते राखायचं. जे नाही सापडलं, उसको हम कौन होते बनानेवाले?"

हा वाद त्यांच्यात बरेच दिवस चालू असणार, कारण दोघांपैकी कुणीही आवाज चढवला नाही. दोघांनी फक्त माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आधी हरिबा आबांना भेटू या. ते स्वतः काय म्हणतात ते बघू. संपतराव लगेच हो म्हणाले. आबा नाही म्हणणार नाहीत, याची त्यांना खात्री होती.

इनामगाव

दौंडहून संपतरावांच्या गावाला जाताना दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाच्या बैलगाड्या. रस्त्यावर चिपाडं सांडलेली. मला डिसेंबरची अशी कोरडी थंडी माहीत नव्हती. आमच्याकडे थंडी दमट, अंगाला चिकटणारी. इथली पाण्याच्या घोटासारखी आत उतरते. आणि आकाश केवढं मोठं. कोकणात आकाश माडांच्या मधून फटीफटीने दिसतं.

संपतरावांचं घर नदीजवळच्या मळ्यात. शालनवहिनींनी कोकमं घेतली, वास घेतला, आणि रात्रीच्या जेवणाचं सांगितलं: तुमच्यासाठी खास मासवडी करतेय. मला गहिवरून आलं. म्हटलं, घोड नदीला मासे मिळतात का? त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं. ताटात आल्या त्या बेसनाच्या वड्या, आत तीळ-खोबऱ्याचं सारण, वरून लालभडक झणझणीत रस्सा. आकार तेवढा माशाचा. हर्णैची बाई मासा समजून वडीत काटा शोधत होती, ही गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळ्या मळ्याला माहीत झाली होती. वड्या मात्र अशा की मी तीनदा घेतल्या, आणि बाजरीची भाकरी कुस्करून रस्सा कसा खायचा हेही वहिनींकडून शिकले.

सकाळी आम्ही इनामगावला गेलो. नदीकाठच्या जुन्या टेकाडांजवळून रस्ता जातो. तिथे हजारो वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उकरून काढली होती, मडकी सापडली होती, त्या मडक्यांवरही रंगाच्या रेघा होत्या, असं संपतरावांनी जीप न थांबवता सांगितलं. त्यांचं सगळं लक्ष आबांकडे लागलं होतं.

हरिबा आबा धनगर समाजातले. त्यांचे वाडवडील मेंढरं घेऊन फिरायचे. आबांच्या पिढीने जमीन घेतली आणि ती स्थिर झाली. तरी घरामागे थोडी मेंढरं होतीच. आबा दारात घोंगडीवर बसले होते. उंच, वाळलेले, कानावर हात ठेवून ऐकणारे. मी नमस्कार केला तर म्हणाले, "बसा बाई. लांबनं आलाव." मग मला आधी गूळ आणि पाणी, नंतर चहा.

संपतरावांनी फोटो काढून दाखवला, बेत सांगितला. आबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि मान हलवली. व्हय, म्हणाले, हीच आमची. पण त्यांचा चेहरा उजळला नाही. त्यांनी विचारलं, ती गाडी इटलीला होती का? संपतराव म्हणाले, ते काही कळत नाही, पण गाडी तीच, तसलीच. अंगणात एक मेंढी आली होती, तिच्या पाठीवर तांबडा पट्टा ओढलेला. आबांनी तिच्याकडे बोट केलं.

"ही आमची खूण," ते म्हणाले. "आता दुसऱ्याच्या मेंढराला मी आमची खूण मारली, तर त्याला लोक काय म्हंतील संपतराव? चोरीच म्हंतील. ती गाडी कोन चालवत व्हतं, कुठं मेलं का जगलं, आपल्याला ठाव न्हाई. त्यांची खूण पुसून आमची लावायची?"

संपतराव समजावू लागले की हा सगळा आबांच्या मानासाठी घाट आहे. आबा म्हणाले, मान हाय की, तुम्ही आला ह्यो मान न्हवं का. आणि मग अगदी सौम्यपणे त्यांनी सांगितलं की रविवारी आपण येणार नाही. गाडी बघायचीच नाही.

संपतराव उठून जीपकडे गेले. मी उठत होते, पण आबांनी मला बसायची खूण केली. तुम्ही रंगाचं काम करता, म्हणाले, तर एक सांगतो. खरी लढाई सुरू व्हायची तेव्हा त्या खुणा कुणी मिरवत नसे. पुढे जायच्या आधी हुकूम यायचा आणि ते चिखलाने नाहीतर रंगाने त्या झाकून टाकायचे, म्हणजे समोरच्याला कळू नये कुठली पलटण आली. त्यांनी स्वतः कितीदा तरी ती पिवळी पानं चिखलाने लिंपली होती.

मग त्यांनी मला बाकीचं सांगितलं. ते कधी कुणाला सांगत असतील असं वाटलं नाही, पण सांगितलं ते सरळ, न थांबता. त्यांच्या डावीकडच्या जागेवर गणपा बसायचा, बंदुकीवर. गणपा भांडगावचा, त्यांच्याच वयाचा, खोडकर, इंजिनाच्या आवाजावर आवाज काढून गाणी म्हणणारा. दोघं मिळून वर दारूगोळा आणि शिधा न्यायचे आणि खाली जखमी आणायचे. एकदा एका नदीच्या उतारावर बाजूला गोळा फुटला. गाडीला काही झालं नाही. आबांनी गाडी दामटत पुढे काढली, गणपाला म्हणाले वाचलो रे. इंजिनाचा आवाज इतका की उत्तर ऐकू येत नसे, म्हणून उत्तर आलं नाही याचं त्यांना काही वाटलं नाही.

"समद्या वाटंनं मी त्याच्याशी बोलत व्हतो, बाई," ते म्हणाले. "खाली आल्यावर बघितलं."

गणपा तिकडेच पुरला गेला. आबा परत आले ते आधी भांडगावला गेले, मग घरी. गणपाची धाकटी बहीण तानूबाई तेव्हा लहान होती. तेव्हापासून आबा दर दिवाळीत भाऊबीजेला तिच्याकडे जातात. पण गाडीत, कसल्याही गाडीत, ते पुढे बसत नाहीत. एस.टी.त मागच्या बाकावर, जीपमध्ये मागे.

त्यांनी मला निघताना हुलग्याची पुरचुंडी दिली. तुमच्याकडं मिळत न्हाईत, म्हणाले. आमच्याकडे हेच कुळीथ म्हणून घरोघर असतात, पण मी पुरचुंडी घेतली.

शिरूर

रंग घ्यायला शिरूरला जायचं होतं. आबांनी जे मला एकटीला सांगितलं ते मी संपतरावांना वाटेत लगेच सांगितलं नाही; ते सांगायला जागा लागते.

शिरूरचा बाजार आमच्या दापोलीच्या बाजाराच्या दुप्पट, आणि निम्मी गर्दी कारेगावकडच्या कारखान्यांतल्या कामगारांची. रंगाच्या दुकानात मराठी कमी आणि हिंदी जास्त ऐकू येत होती. पुढे झालं असं की मी पिवळ्याच्या छटा बघायला वाकले आणि माझ्या साडीचा काठ ग्रीसच्या उघड्या डब्यात बुडाला. दुकानदार इतका ओशाळला की त्याने आम्हाला आत बसवून चहा मागवला. त्या चहावर संपतरावांचं मन मोकळं झालं.

त्यांचे वडील म्हणे रोज जेवताना सांगायचे की आपली गाडी लढाईत लढलेली आहे. कुठे, कधी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. संपतराव लहान असताना शाळेत हे सांगायचे आणि पोरं विचारायची, कुठं लढली सांग. सांगता यायचं नाही. फोटोतलं ते चिन्ह सापडलं तेव्हा त्यांना वाटलं, आता उत्तर मिळालं. "लोकांना मी शब्द दिलाय, बाई," ते म्हणाले. "आता मैदानावर उभं राहून काय सांगू? आमाला ठाव न्हाई म्हून सांगू?"

मग मी त्यांना गणपाचं सांगितलं. डावीकडच्या जागेचं, वाटेवरच्या बोलण्याचं. भाऊबीजेचं. संपतराव बशीतला चहा तसाच ठेवून ऐकत राहिले. इतकी वर्षं शेजारच्या गावात राहून त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. शेवटी ते उठले, आणि लाल रंगाचा डबा, जो चिन्हाच्या जमिनीसाठी घेतला होता, तो त्यांनी स्वतः दुकानदाराला परत दिला.

जीपमध्ये बसताना म्हणाले, मामाला सांगतो तूच जिंकलास.

त्या संध्याकाळी ते मला मळ्यावर सोडून परत कुठेतरी गेले. शालनवहिनींनी माझ्या साडीचा काठ रॉकेल आणि साबणाने घासून दिला. डाग गेला नाही. तो अजून आहे, आणि ती साडी मी त्यासाठीच नेसते. जेवायला हुलग्याची शेंगोळी होती. संपतराव जेवणाच्या वेळेला आले आणि एवढंच म्हणाले की आबांकडे जाऊन आलो, आणि उद्या भांडगावला जायचंय.

आबांशी काय बोलणं झालं ते त्यांनी नंतर सांगितलं. त्यांनी आबांना कबूल केलं होतं की खोटी खूण लागणार नाही आणि खोटं भाषणही होणार नाही. आबा बराच वेळ मेंढरांना पाला टाकत राहिले होते, आणि मग म्हणाले होते की यायचं तर एकटा येणार नाही. तानूबाईला आणा. तिचा भाऊ कशात बसायचा ते तिने कधी बघितलेलं नाही. आणि जागा असेल तर त्या बाईंना सांगा, डावीकडं आतल्या बाजूला गणपाचं नाव काढा. आतल्या बाजूला. भायेर नगं.

शाळेचं मैदान

शनिवारी दौंडला शेडमध्ये मी बाहेरच्या खुणा पूर्ण केल्या. पूर्ण म्हणजे किती, हे मामांनी आणि मी मिळून ठरवलं. पिवळी चकती आणि पाचाचा आकडा सगळा दिसत होता, तो मी त्याच वळणाने उजळवला. चांदणीची पुसलेली टोकं मापाने काढता येत होती, ती काढली. अर्धा चौकोन आणि आकड्याचे पाय मात्र होते तसेच ठेवले, त्यांच्यावर फक्त वॉर्निश. शेजारचा पत्रा नुसता खाकी. सकाळपासून दुपारपर्यंत मामा माझ्या शेजारी स्टुलावर बसून कुलकुल खात होते आणि मला भरवत होते, कारण माझे हात रंगाने भरलेले. काम संपल्यावर ते म्हणाले, अभी ये सच बोलती है.

रविवारी सकाळी गाडी ट्रकवरून मैदानावर आली. उतरवताना उतारावर तिची उजवी चेन चाकावरून निसटली आणि गाडी अर्धी ट्रकवर, अर्धी फळ्यांवर अशी अडून बसली. पाहुणे येऊ लागले होते. मामांनी कोट काढला, पहार मागवली, आणि फौजी पाहुण्यांपैकीच चौघे हारतुरे बाजूला ठेवून धोतरं खोचून आले. त्या वयात त्यांना कोण नाही म्हणणार? चेन जागेवर चढली तेव्हा सगळ्यांच्या सत्काराच्या कपड्यांना काळे हात लागले होते, आणि माझ्या मते तोच खरा सत्कार झाला.

या गोंधळात मला नाव काढायला उशीर झाला. गाडी खाली आल्यावर मी आत शिरले, डावीकडच्या जागेवर वाकून बसले आणि समोरच्या आतल्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने लिहायला घेतलं. होडीवर लिहिते तशीच अक्षरं, फक्त लहान. गणपा. पुढे आडनाव नाही. आबांनी सांगितलं होतं, आम्ही गणपाच म्हनायचो.

रंग ओला होता तेव्हाच ते दोघं आले. आबा डोक्याला पांढराशुभ्र पटका बांधून, छातीवर जुनी पदकं. तानूबाई लहानखुऱ्या, हिरवं लुगडं, हातात काठी. संपतराव आधी मैदानावर बोलले. मला वाटलं होतं ते घाबरतील, पण त्यांनी सरळ सांगितलं की मी तुम्हाला सांगितलं होतं ही आबांची गाडी, ते चूक होतं. ही कुठं लढली ते आम्हाला माहीत नाही. कुणी चालवली तेही माहीत नाही. जे होते त्यांच्यासाठी आणि आपल्या आबांसाठी ही चालवतोय. लोक हसले नाहीत. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या फौजीने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

आबा गाडीला एक फेरी मारून आले. चेनच्या एका कडीवर त्यांनी हात ठेवला, जसा मेंढराच्या पाठीवर ठेवतात. मामांनी इंजिन सुरू केलं आणि मला पहिल्यांदा समजलं की उत्तर ऐकू येत नाही म्हणजे काय. शेजारच्या माणसाचं तोंड हलताना दिसतं, बस.

मामांचा विचार होता की गाडी ते स्वतः चालवतील आणि आबा मागे उभे राहतील. आबा मात्र उजवीकडे चढले. कुणी त्यांना हात द्यायला गेलं नाही. ते बसले, पाय ठेवून बघितले, स्टिअरिंगचं चाक थोडं इकडे थोडं तिकडे फिरवलं. मग त्यांनी तानूबाईंकडे बघून डावीकडच्या जागेवर हाताने थोपटलं.

तानूबाईंना मी आणि शालनवहिनींनी मिळून चढवलं. गाडी जवळजवळ माणसाच्या चालीने निघाली, मैदानाच्या कडेने, मागे धुळीची भिंत. वळणावर एका बाजूची चेन थांबते आणि दुसरी फिरते, गाडी जागच्या जागी मान वळवल्यासारखी वळते. आबांनी ते इतकं सहज केलं की मामांनी माझ्या हातावर चापट मारली. लांबून मला दोघांची डोकी दिसत होती, पटका आणि हिरवा पदर. आबांचं तोंड हलत होतं. सगळ्या फेरीभर ते काहीतरी बोलत होते, आणि तानूबाई त्यांच्याकडे बघत मान हलवत होत्या. ऐकू काही येणं शक्य नव्हतं.

गाडी आमच्याजवळ येऊन थांबली. इंजिन बंद झालं. आबा चाकावर हात ठेवून बसून राहिले, आणि त्यांना उतरवायची घाई कुणी केली नाही. तानूबाईंनी मला जवळ बोलावलं. त्यांना वाचता येत नव्हतं. विचारलं, यातलं त्याचं नाव कुठलं? मी समोरच्या पत्र्याकडे बोट केलं. एवढंच व्हय, त्या म्हणाल्या, आणि मी सांगायच्या आत त्यांनी पहिल्या अक्षरावर बोट टेकलं, तिथून शेवटच्या अक्षरापर्यंत हळूहळू ओढत नेलं.

रंग ओला होता. तिन्ही अक्षरं खालून पुसली गेली आणि त्यांच्या बोटाला पांढरा रंग आला. मला फार वाईट वाटलं. मी टर्पेंटाइनचा बोळा काढला, म्हटलं मावशी, बोट पुसून देते, नाव लगेच पुन्हा काढते. तानूबाईंनी हात मागे घेतला आणि मूठ बंद केली.

"ऱ्हाऊ द्या," आबा उजवीकडून म्हणाले.

मी बोळा परत डब्यात ठेवला. तानूबाई जीपमध्ये बसून भांडगावला गेल्या तेव्हाही त्यांनी ती मूठ उघडली नव्हती. आबा त्यांना पोचवायला गेले, आणि जीपमध्ये पुढे बसले. नाव आजही तसंच आहे, खालून फरपटलेलं. संपतरावांकडे गाडी बघायला जे येतात ते विचारतात, एवढी चांगली अक्षरं आणि ही अशी का. मग संपतराव त्यांना खाली बसवतात आणि सांगायला सुरुवात करतात.